गच्चीवरील ऊन

फाल्गुन संपून चैत्र लागला म्हणजे पुण्याच्या गच्च्यांवर जुन्या साड्या व धोतरें अंथरलीं जातात, आणि त्यांवर पापड, कुरडया, सांडगे व मिरच्या वाळत पडतात. कावळे हाकण्याचें काम बहुधा घरांतील लहान मंडळींकडे असतें. या वाळवणास सरपण लागत नाहीं, गॅस लागत नाहीं, वीज लागत नाहीं. लागतें तें केवळ ऊन, आणि तें कोणी विकत आणीत नाहीं. सूर्याच्या शक्तीचा हा उपयोग आपल्या आज्या-पणज्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. आतां त्याच गच्चीवर त्याच उन्हापासून वीज निघूं लागली आहे. निळसर काळ्या काचेचीं पॅनेलें कांहीं घरांच्या माथ्यावर मांडलेलीं आपण पाहिलीं असतीलच. तीं काय करतात, त्यांपासून किती मिळतें, आणि पुण्यासारख्या शहरांत तीं अधिक घरांवर कां दिसावींत, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा आमचा विचार आहे.

बटण दाबतांच दिवा लागतो. ही वीज येते कोठून? बहुतेक मुलें उत्तर देतात कीं खांबावरून. उत्तर खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. खांबाच्या मागें तार, तारेच्या मागें उपकेंद्र, आणि उपकेंद्राच्याही मागें पुष्कळ दूर असें एखादें ठिकाण असतें कीं जेथें पाणी, कोळसा, किंवा दुसरें कांहींतरी खर्ची पडत असतें. तें आपल्या दृष्टीआड असल्यामुळें त्याचा आपणांस विसर पडतो. पुणेकरांस मात्र तो पडूं नये. कारण तसें एक ठिकाण आपल्या अगदीं दाराशीं आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत पडणारें पाणी अडवावें, तें नळांतून घाटाखालीं सोडावें, आणि त्याच्या जोरावर चक्रें फिरवून वीज काढावी, ही योजना जमशेटजी टाटा यांच्या मनांत होती. त्यांच्या पश्चात् लोणावळ्याच्या परिसरांत तलाव बांधण्यांत आले, आणि १९१५ सालीं घाटाच्या पायथ्याशीं खोपोली येथें वीजघर सुरू झालें. पुढें १९२२ सालीं भिवपुरी व १९२७ सालीं भिरा हीं वीजघरें निघालीं. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालूं लागल्या. धूर नाहीं, राख नाहीं, आणि खर्च झालेलें पाणी पुढच्या आषाढांत पुन्हां भरावयाचेंच. विचार केला तर हीही सूर्याचीच करणी होय. कारण समुद्राचें पाणी तापवून आकाशांत चढवितो तो सूर्यच. आज जिला अक्षय ऊर्जा म्हणतात, तिचीं इतकीं जुनीं व इतकीं मोठीं उदाहरणें आपल्या देशांत थोडींच सांपडतील.

परंतु या कथेस दुसरी बाजू आहे. भिऱ्याच्या वीजघरास पाणी मिळतें तें मुळशीच्या तलावांतून. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण घालावयाचें म्हणजे मुळशी पेट्यांतील पन्नासाहून अधिक गांवें पाण्याखालीं जावयाचीं होतीं. आंबेमोहर तांदळाचीं तीं खाचरें, तीं घरें, तीं देवळें यांचा मोबदला पैशांत ठरविण्यांत आला. पण ज्यांचें सर्वस्व त्या मातींत होतें, त्या मावळ्यांस तो सौदा मान्य नव्हता. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, शेंकडों शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले व त्यांनीं तें काम बंद पाडलें. या सत्याग्रहाचें पुढारीपण पांडुरंग महादेव बापट यांजकडे आलें, आणि याच लढ्यापासून लोक त्यांस ‘सेनापति’ म्हणूं लागले. ज्या सेनापति बापट रस्त्यानें आपल्यांपैकीं कित्येकजण रोज शाळेस जातात, तें नांव असें मुळशीच्या पाण्यांतून वर आलेलें आहे. सुमारें तीन वर्षें हा झगडा चालला. बायकांनीं व पुरुषांनीं तुरुंगवास सोसला. बापटांस स्वतः दीर्घ कारावास घडला. शेवटीं धरण झालें आणि गांवें बुडालीं. जी मुळा आपल्या स्वभावधर्मानें पूर्वेस वाहत पुण्यास येते, तिचें अडविलेलें पाणी पश्चिमेस वळवून सुमारें पांचशें मीटर खालीं कोंकणांत सोडण्यांत आलें.

ती वीज काढावयास नको होती असें आमचें म्हणणें नाहीं. तिच्यावर लाखों लोकांचें पोट चाललें. आमचें म्हणणें इतकेंच कीं दिवा एका ठिकाणीं लागला आणि अंधार दुसऱ्या ठिकाणीं झाला. आणि ज्यांच्याकडे दिवा लागला त्यांनीं तें फारसें मनावर घेतलें नाहीं.

आजही हा प्रकार संपला आहे असें नाहीं. महाराष्ट्रांतील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासून होतो. चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र हें राज्यांतील मोठ्या केंद्रांपैकीं एक. तेथें कोळसा दळून भट्टींत जाळतात, पाण्याची वाफ करतात, त्या वाफेनें चक्र फिरवितात आणि मागें राखेचे डोंगर उरतात. एक युनिट वीज काढण्यास ढोबळ मानानें पाऊण किलोच्या आंतबाहेर कोळसा लागतो. युनिट म्हणजे काय तें विद्यार्थ्यांनीं येथेंच समजून घ्यावें. एक हजार वॉट शक्तीचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट खर्च झालें. स्नानाच्या पाण्याकरितां दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालविला कीं एक युनिट संपलें, आणि चंद्रपुराकडे पाऊण किलो कोळसा जळाला. ज्या घरीं महिन्यास दोनशें युनिटें लागतात, त्या घराच्या नांवें दरमहा सुमारें दीडशें किलो कोळसा म्हणजे तीन गोणी खर्ची पडतात. या तीन गोण्या प्रत्येक महिन्यास आपल्या दारांत आणून जाळल्या असत्या तर शेजाऱ्यांनीं केवढा कल्लोळ केला असता! त्या चंद्रपुरास जळतात म्हणून आपण स्वस्थ असतों. शिवाय त्या धुरांतील कार्बन डायऑक्साइड वायु कोणत्याही एका गांवचा राहत नाहीं. तो सर्व पृथ्वीभोंवतीं पसरून तिची उष्णता वाढवितो, आणि मग अवेळीं पाऊस पडला कीं त्याच मुळशीचा शेतकरी पुन्हां अडचणींत येतो.

गच्चीवरील उन्हाची विशेषता यांतच आहे. गच्ची तर बांधलेलीच असते. तिच्यावर पॅनेल मांडल्यानें कोणाचें शेत बुडत नाहीं, कोणाचें गांव उठत नाहीं. ओसाड म्हटल्या जाणाऱ्या माळावर मोठमोठे सौरप्रकल्प होतात, तेथेंही पुष्कळदां कोणाचीं गुरें चरत असतात. म्हणून सर्व सौरवीज सारखीच निर्दोष आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पॅनेल तयार करण्यास वाळूपासून सिलिकॉन गाळावें लागतें, व त्या भट्टीसही वीज लागते. तथापि तितकी वीज पॅनेल पहिल्या एकदोन वर्षांतच परत देतें आणि पुढें वीसपंचवीस वर्षें काम करीत राहतें. हे सर्व हिशेब मांडूनही, शहरानें आपली वीज आपल्याच डोक्यावर पिकवावी यासारखी न्याय्य गोष्ट दुसरी नाहीं, असें आमचें मत आहे.

उन्हापासून काम करून घेण्याचा विचार आपल्या इलाख्यांत नवा नाहीं. मुंबईच्या हायकोर्टांत नोकरीस असलेले विल्यम अ‍ॅडम्स नांवाचे एक इंग्रज गृहस्थ होते. उष्ण देशांत जळणाऐवजीं सूर्याची उष्णता वापरावी या विषयावर त्यांनीं १८७८ सालीं एक पुस्तक छापविलें. ते केवळ पुस्तक लिहून थांबले नाहींत. आरशांचे तुकडे जोडून त्यांनीं सूर्यचूल बनविली व तिच्यावर सात शिपायांचें जेवण दोन तासांत शिजविलें. कुलाब्यास आरशांची मोठी मांडणी करून वाफेचें इंजिनही चालवून दाखविलें. लोकांनीं कौतुक केलें, आणि विषय तेथेंच राहिला. कारण कोळसा स्वस्त होता. पुष्कळ चांगल्या गोष्टी या एका कारणानें मागें पडलेल्या आहेत.

पुण्याचा या विषयाशीं असलेला संबंध याहून महत्त्वाचा आहे. ऊन किती पडतें हें मोजल्याशिवाय त्यावर भरंवसा कसा ठेवावयाचा? तें मोजण्याचें काम आपल्या वेधशाळेंत झालें. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीस पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तें नांव हवामानखात्याची कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून येथें आली म्हणून पडलें. त्या खात्यांत १९४८ सालीं अ‍ॅना मणि या विदुषी रुजू झाल्या. त्यांचा जन्म १९१८ सालीं त्रावणकोर संस्थानांत पीरमेड येथें झाला. बंगलोरास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखालीं त्यांनीं हिऱ्यांवर संशोधन केलें. एम्. एस्सी. ची पदवी नव्हती या कारणास्तव विद्यापीठानें त्यांस डॉक्टरेट नाकारली, म्हणून त्यांचें कांहीं अडलें नाहीं. जीं उपकरणें परदेशाहून मागवावीं लागत तीं येथेंच बनविण्याकडे त्यांनीं लक्ष दिलें. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्तानें देशांत ठिकठिकाणीं सूर्यप्रकाश मोजण्याचीं केंद्रें निघालीं, तीं त्यांच्या परिश्रमानें. वर्षानुवर्षांच्या त्या मोजणीचे आंकडे त्यांनीं १९८० व १९८१ सालीं दोन मोठ्या ग्रंथांत प्रसिद्ध केले. आज देशांत कोठेंही सौरप्रकल्प आंखावयाचा झाल्यास ज्या प्रकारची माहिती लागते, तिचा पाया असा घातला गेला. आमच्या शाळेंतील मुलींनीं हें नांव अवश्य लक्षांत ठेवावें. मुलांनींही ठेवण्यास हरकत नाहीं.

या मोजणीचें सार असें. भर दुपारीं निरभ्र आकाशांत सूर्यकिरणांसमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारें एक हजार वॉट शक्ति पडते. पुण्यास वर्षाची सरासरी काढली तर दर चौरस मीटरावर दिवसास पांच युनिटांच्या आसपास ऊर्जा मिळते. ही सर्वच आपल्या हातीं लागत नाहीं. चांगलें पॅनेल तिचा साधारण पांचवा हिस्सा विजेंत बदलतें, व बाकीची उष्णतेच्या रूपानें वायां जाते. पांचवा हिस्सा म्हणजे थोडा वाटेल. पण १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला, तेव्हां शंभरांतील सहाच भाग हातीं येत होते.

आतां पॅनेलच्या आंत काय घडतें तें पाहूं. प्रकाशानें वीज उत्पन्न होते ही गोष्ट फ्रान्समधील एदमों बेकरेल या तरुणाच्या ध्यानांत १८३९ सालींच आली होती. ती कां होते याचा उलगडा होण्यास १९०५ साल उजाडावें लागलें. प्रकाश हा ऊर्जेच्या सुट्या सुट्या पुड्यांनीं येतो, आणि अशी एक पुडी धातूंतील एका इलेक्ट्रॉनास धक्का देऊन मोकळा करते, असें आइन्स्टाइन यांनीं मांडलें. १९२१ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें तें मुख्यतः याच शोधाबद्दल. सौरघटांत सिलिकॉनचे दोन थर एकमेकांस चिकटलेले असतात. एकांत फॉस्फरसचा अंश मिसळल्यामुळें इलेक्ट्रॉनांची जरा गर्दी असते. दुसऱ्यांत बोरॉन मिसळल्यामुळें कांहीं जागा रिकाम्या असतात. दोहोंच्या सीमेवर एकाच दिशेस उघडणारें जणूं दार तयार होतें. प्रकाशानें मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्या दारानें एका बाजूस ढकलले जातात, त्यांस मागल्या वाटेनें परततां येत नाहीं. म्हणून ते बाहेरून जोडलेल्या तारेनें फिरून येतात. ही तारेंतली फेरी म्हणजेच आपली वीज. एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून पुष्कळ घट माळेप्रमाणें ओंवतात. यांत फिरणारा एकही भाग नाहीं, आवाज नाहीं, तेलपाणी नाहीं. निघणारी वीज एकाच दिशेनें वाहणारी असते. ती घरांतल्या विजेसारखी उलटसुलट वाहणारी करण्याचें काम इन्व्हर्टर नांवाची पेटी करते.

ही घटांची माळ असल्यामुळें एक गोष्ट घडते, ती पॅनेल बसविणारांनीं अवश्य जाणावी. माळेंतील एका घटावर सावली पडली तर तो स्वतः तर थांबतोच, शिवाय इतरांचाही रस्ता अडवितो. हल्लींच्या पॅनेलांत यावर कांहीं उपाय केलेला असतो, तथापि नुकसान होतेंच. पुण्याच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, जिन्याच्या खोल्या, डिशचे खांब आणि शेजारचें नारळाचें झाड यांची सावली हा खरा शत्रु होय. ढग त्यामानानें सोयरे म्हणावेत. आपलें शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअठरा अंशांवर आहे. वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या १३ तारखेच्या सुमारास व पुन्हां जुलैच्या अखेरीस, सूर्य मध्यान्हीं बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहींशी होते. बाकी वर्षाचा बहुतेक काळ तो मध्यान्हीं दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून पॅनेलें दक्षिणेस तोंड करून अठरा-वीस अंशांच्या उताराने मांडतात.

कडक उन्हाळ्यांत सर्वांत अधिक वीज मिळेल अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पॅनेलास प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. वैशाखांत दुपारीं तें साठ अंशांपर्यंत तापतें, आणि त्या तापानें त्याची शक्ति सुमारें सातव्या-आठव्या हिश्श्यानें घटते. फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ, थंड वाऱ्याचे दिवस त्यास फार मानवतात. श्रावणांत उत्पन्न उन्हाळ्याच्या निम्म्याच्या आसपास उतरतें. धूळ सांचली तर तेंही मारक. आठपंधरा दिवसांनीं सकाळीं, काच थंड असतां, साध्या पाण्यानें पुसून घ्यावें. भर दुपारीं तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतूं नये, काच तडकण्याचें भय असतें.

घरगुती हिशेब येणेंप्रमाणें. एक किलोवॉट शक्तीच्या पॅनेलांस गच्चीची सुमारें शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि वर्षाची सरासरी धरतां तीं दिवसास चार युनिटें देतात. महिन्यास दोनशें युनिटें खर्चणाऱ्या कुटुंबास दोन किलोवॉट पुरेसे होतात. २०२४ सालीं केंद्र सरकारनें एक कोटी घरांकरितां ‘पीएम सूर्यघर’ ही योजना काढली. तींत पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे एका घरास अधिकांत अधिक ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यांत आलें. दोन किलोवॉटांचा खर्च त्या सुमारास लाख-सव्वा लाखाच्या घरांत होता, तेव्हां सुमारें निम्मा भार हलका झाला. उरलेली रक्कम किती वर्षांत वसूल होते तें घरोघरच्या बिलावर अवलंबून आहे. विजेचा दर खपाबरोबर चढत जातो, म्हणून ज्यांचा खप मोठा त्यांचा फायदा लवकर. हें गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांस सहज करतां येण्यासारखें आहे. घरचीं बारा महिन्यांचीं बिलें वडिलांकडून मागून घेऊन त्यांनीं तें स्वतः करून पाहावें. नियम व अनुदानें वेळोवेळीं बदलतात, यास्तव पैसे देण्यापूर्वीं महावितरणच्या कचेरींत चौकशी करावी, केवळ विक्रेत्याच्या तोंडच्या आश्वासनावर विसंबूं नये.

दिवसा निघालेली वीज रात्रीं कशी वापरावयाची, असा प्रश्न येतो. बहुतेक घरीं बॅटऱ्या ठेवीत नाहींत. दुपारची शिल्लक वीज तारेनें महावितरणास दिली जाते, रात्रीं तिच्याकडून घेतली जाते, आणि दोन्ही दिशांनीं मोजणारा मीटर देण्याघेण्याची नोंद ठेवतो. यास नेट मीटरिंग म्हणतात. एका गोष्टीनें मात्र पुष्कळांची निराशा होते. बाहेरची वीज गेली कीं असें संयंत्रही, लख्ख ऊन असूनसुद्धां, बंद पडतें. हा दोष नव्हे. तार दुरुस्त करण्यास खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातीं आपल्या गच्चीवरील वीज जाऊन त्याचा प्राण जाऊं नये, म्हणून इन्व्हर्टर आपण होऊन थांबतो. ज्यांस त्या वेळींही दिवे हवेत त्यांनीं बॅटरीचा जादा खर्च सोसावा.

सर्वच घरें दुपारीं वीज देऊं लागलीं आणि रात्रीं मागूं लागलीं तर भार कोणी वाहावयाचा, ही शंका रास्त आहे. तिचें एक उत्तर पुन्हां मुळशीकडेच सांपडतें. भिरा येथें असें एक यंत्र आहे कीं जें मागणी कमी असतां खालचें पाणी पुन्हां वर मुळशीच्या तलावांत चढवितें, व मागणी वाढली म्हणजे तेंच पाणी खालीं सोडून वीज देतें. दुपारचें ऊन अशा रीतीनें डोंगरावर सांठवून ठेवतां येतें. दुसरी निसर्गाची योजना साताऱ्याकडे पाहावी. चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. त्यांस भरपूर वारा मिळतो तो पावसाळ्यांत, म्हणजे नेमका सूर्य झांकलेला असतो तेव्हां. याच सातारा जिल्ह्यांत पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी या शंभराच्या आसपास घरांच्या गांवानें २०२४ सालीं आपली सर्व घरें सौरविजेवर आणलीं. ज्या गांवांत हें एकमत होऊं शकतें त्या गांवाचें आम्हांस कौतुक वाटतें. कारण पुण्याची अडचण उन्हाची नसून एकमताची आहे.

शहरांत गच्ची एकाची नसते, सोसायटीची असते. सभेंत प्रश्न निघाला कीं कोणी गळतीची भीति घालतो, कोणी पुनर्विकास होणार म्हणतो, कोणी म्हणतो कीं खालच्या मजल्यावरील लोकांनीं वरच्या गच्चीकरितां पैसे कां द्यावेत. आणि विषय पुढील सभेवर जातो. आमची सूचना अशी कीं आरंभ सामाईक मीटरापासून करावा. पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यांतील दिवे यांचें बिल सर्वांचेंच असतें, म्हणून त्यांत वांटणीचा तंटा उद्भवत नाहीं. वर सांगितलेल्या योजनेंत सोसायट्यांच्या सामाईक उपयोगासाठीं दर किलोवॉटास १८,००० रुपये अनुदान ठेवण्यांत आलें, तें याच हेतूनें. पंप सकाळीं अंधारांत न चालवितां दुपारीं चालविला तर ती वीज तारेवर जाऊन परत येण्याचेंही कारण नाहीं. पॅनेलांचे पाय स्लॅब न फोडतां वजनावर उभे करतां येतात, तेव्हां गळतीचें भयही फारसें उरत नाहीं. वाऱ्याचा जोर लक्षांत घेऊन तें काम जाणत्या इंजिनिअराकडून करवावें म्हणजे झालें. शाळांस तर हा व्यवहार विशेष सोयीचा, कारण शाळेचे तास आणि सूर्याचे तास जवळजवळ एकच.

उंच इमारतींत बिऱ्हाडें फार व गच्ची लहान असते. तेथें सर्वांची सर्व वीज निघणें शक्य नाहीं. ज्यांस गच्चीच नाहीं असे चाळींतले व वस्त्यांतले लोक तर पुष्कळच आहेत. यास्तव ज्यांच्याजवळ ऊन आहे त्यांनीं अगोदर पुढें यावें, हें आम्हांस योग्य दिसतें.

ज्यांस एकदम इतका खर्च झेंपत नाहीं त्यांनीं सौर बंबापासून सुरुवात करावी. जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब असे, त्यांत शेंड्या व ढलप्या जाळीत; त्याचीच ही बिनधुराची आवृत्ति. तापलेलें पाणी हलकें होऊन आपण होऊन वर टाकींत चढतें आणि थंड पाणी खालीं उतरतें, म्हणून यास पंपही लागत नाहीं. शंभर लिटरांचा बंब वर्षाला हजार-दीड हजार युनिटें वांचवूं शकतो, म्हणजे किंमतीच्या मानानें हा सर्वांत किफायतशीर उपाय ठरतो. हडपसरच्या मगरपट्टा नगरांत इमारतींवर असे बंब रांगेनें मांडलेले दिसतात. महापालिकाही सौर बंबासारख्या उपायांकरितां मिळकतकरांत कांहीं सूट देत आली आहे. स्वयंपाकघरांतील खरकट्यापासून गॅस काढण्याच्या घरगुती संयंत्राबद्दल पुण्याच्याच ‘आरती’ या संस्थेस २००६ सालीं लंडनचें अ‍ॅश्डन पारितोषिक मिळालें, हाही उल्लेख जातां जातां करून ठेवतों. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आतां विद्यार्थ्यांस एक काम. नाताळच्या सुटीच्या आरंभीं, २२ डिसेंबरच्या सुमारास, मध्यान्हींची सावली वर्षांत सर्वांत लांब असते. पुण्यास ती वस्तूच्या उंचीच्या सुमारें नऊ-दशांश भरते. त्या दिवशीं मोठ्या माणसांस बरोबर घेऊन गच्चीवर जावें, आणि सकाळीं नऊ वाजतां, दुपारीं साडेबारा वाजतां व तीन वाजतां टाकीची, कठड्याची आणि शेजारच्या झाडाची सावली कोठवर येते तेथें खडूनें रेघा ओढाव्यात. तीनही वेळां जी जागा उन्हांत राहिली ती फुटपट्टीनें मोजून तिचें क्षेत्रफळ काढावें, त्यास शंभरानें भागावें, म्हणजे आपल्या गच्चीवर किती किलोवॉट मावतात तें कळेल. आंकडे तारखेसह वहींत लिहून ठेवावेत, आणि सोसायटीच्या पुढील सभेस जातांना आईनें किंवा वडिलांनीं ती वही बरोबर न्यावी.